सात विहिरी आणि एक कारंजं

१२ फेब्रुवारी १९८६, बुधवार

हत्ती की हंस – यावर आज दोन तास! विषयपत्रिकेवर लिहिलं होतं 'मध्यवर्ती चौक विकास आराखडा'. नळाला पाणी आठव्या दिवशी, तेही हवा जास्त. टँकर आला तर भांडणं, नाही आला तर शिव्या. आणि आमची नगरपालिका ठरवत बसलीय की चौकातल्या कारंज्याचं पाणी हत्तीच्या सोंडेतून उडावं की हंसाच्या चोचीतून. आप्पासाहेब पाटील म्हणाले, "हंस नको. हंसाच्या तोंडातून पानी म्हंजे वकल्यावानी दिसतंय." हत्ती मंजूर. टाळ्या!

अध्यक्ष शरणप्पांचं एकच पालुपद. "लातूर जिल्हा होऊन चार वर्षं व्हायली. जिल्ह्याचे साहेबलोक गाड्या घेऊन यायलेत. आपलं गाव बगून काय मनतील?" म्हणतील, पाणी द्या प्यायला! पण हे मी मनातल्या मनात. मी नवी मेंबर, त्यात बाई, त्यात राखीव वॉर्डातून आलेली. तोंड उघडलं की शरणप्पा गोड हसतात. "सिंधुताई, तुमचा विषय शेवटी घिऊ." शेवट कधी येतच नाही. एकदम आभारप्रदर्शन येतं.

मध्ये व्यंकटी शिपाई माठातलं पाणी घेऊन फिरत होता. आप्पासाहेब पेल्यामागून पेले रिचवत होते. "आपल्या हापिसातलं पानी लई ग्वाड!" मीही प्याले. ओळखीची चव. व्यंकटीकडे पाहिलं तर तो खिडकीबाहेर बघायला लागला.

१५ फेब्रुवारी

आराखड्याचा नकाशा सभागृहाच्या भिंतीवर टांगलाय. निळा, गुलाबी, पिवळा – लग्नाच्या रुखवतासारखा. औरंगाबादचे टाउन प्लॅनर येऊन काढून गेले. मी चष्मा लावून आमचं भीमनगर शोधलं. घरं आहेत. येस्टी स्टँड आहे. माझ्या शिवणक्लासची पत्र्याची खोलीसुद्धा एवढ्याशा चौकोनात आहे. विहीर नाही! विहिरीच्या जागी गुलाबी रंग आणि वर अक्षरं – 'व्यापारी संकुल व कारंजे'.

आमची विहीर गेली कुठं?

चौकशी केली. प्लॅनरसाहेबांनी आप्पासाहेबांना विचारलं होतं, गावात विहिरी किती? आप्पासाहेब म्हणाले, सात. आणि सातही फिरून दाखवल्या. खोटं बोलले असं म्हणवत नाही. या गावाला विहिरी सातच. घरात नवी सून आली की तिला वाजत-गाजत सात विहिरींवर नेतात, नारळ फोडतात, ओटी भरतात. पाटलांची असो, वाण्याची असो, तेल्याची असो, रिवाज सगळ्यांना तोच. शेंबडं पोरसुद्धा सातांची नावं घडाघडा सांगतं. आमची आठवी. ती कधी कुणी मोजलीच नाही. मुद्दाम वगळली असती तर भांडता तरी आलं असतं. यांना ती आठवलीच नाही.

आई लहानपणापासून म्हणत आलीय, "गावाच्या सात, आपली एक." माझ्या आज्यानं आणि त्याच्या भावकीनं खांदून काढलेली. तेव्हा आम्ही वेशीबाहेर. पुढे वेस पडली, येस्टी स्टँड आलं, बाजार सरकला आणि आम्ही जागचे न हलता गावाच्या मधोमध आलो. आता तीच जागा सोन्याची झालीय. नकाशावर मोकळी दिसते म्हणे.

यंदा त्या सातही कोरड्या आहेत. आठवीत पाणी आहे.

१६ फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. हे निलंगा डेपोला कंडक्टर. म्हणाले, "नकाशात नाही म्हणजे तिकीट फाडलं नाही. तिकीट नसलं की उतरवतात खाली."

१८ फेब्रुवारी

आज पहाटे लवकर उठून विहिरीवर गेले. मुद्दाम. आई तिथं रोज असतेच, कठड्याला टेकून, तंबाखू मळत. बायका यायला लागल्या – डोक्यावरून पदर, तोंड अर्धं झाकलेलं, जशा काही चोरीलाच निघाल्यात! गावातल्याच सगळ्या. पाटलांच्या दोन सुना. वाण्याची बायको. आणि सगळ्यांच्या पुढे गंगम्मा – अध्यक्ष शरणप्पांची आई. स्वतःचा दोर, स्वतःची बादली. आमच्या दोराला हात नाही. कठड्याला पाय नाही.

"नागू, गुरांसाठी नेते गं."

आई म्हणाली, "न्या की. मुकी जनावरं."

मागून येणारी प्रत्येक जण तेच. गुरांसाठी. गुरांसाठी नेते. गुरं तहानलीत बघा! आई प्रत्येकीला तेच उत्तर देते, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. गावातली निम्मी गुरं मागच्याच महिन्यात छावणीत गेली, उरलेली बाजारात. शरणप्पांच्या गोठ्यात आजमितीला एक जीप आणि एक लुना आहे. त्या दोघी रोज चार घागरी पाणी पितात.

आईला म्हटलं, "तू विचारत कशी नाहीस, कुठली गुरं म्हणून?"

ती म्हणाली, "तहानलेल्याला जात इचारू न्हाई, तसं गुरबी इचारू न्हाई." आणि हसली. दात नाहीत तिला, पण हसणं चावतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

अभ्यास दौरा! नांदेडचं कारंजं बघायला सगळी नगरपालिका दोन जीपमध्ये कोंबून गेली. मीही गेले. म्हटलं, बघू तरी. वाट वाकडी करून आधी कंधारचा किल्ला झाला. किल्ल्याचा आणि कारंज्याचा काय संबंध म्हणाल तर तिथं भजी चांगली मिळतात. दुपारी नांदेड. कारंजं होतं. छान होतं. कोरडं होतं! पाटी लावलेली – पाणीटंचाईमुळे बंद. खालच्या हौदात एक शेळी आडवी पडून रवंथ करत होती.

मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल. शरणप्पा शेळीला वळसा घालून हौदाभोवती फिरले, कठडा ठोकून पाहिला. म्हणाले, "काम पक्कं हाय. फकस्त पानी न्हाई, बाकी सगळं हाय." आप्पासाहेबांनी मान डोलावली. परतताना जीपमध्ये ठरलं की आपला हत्ती यांच्यापेक्षा उंच करायचा.

एकालाही लाज वाटली नाही. मला वाटत होती, त्यांच्या वाटणीची.

४ मार्च

आराखड्यावर हरकती मागवल्यात. महिनाअखेर सभेत सुनावणी. मी ठरवलं – विहीर वापरणाऱ्या प्रत्येक घराची सही आणायची. भीमनगरच्या सह्या एका संध्याकाळी झाल्या. पण एवढ्यानं भागत नाही. शरणप्पा म्हणणार, तुमच्या आळीचा प्रश्न आहे. म्हणून गावात गेले. रोज पहाटे जिथं तोंड दिसतं त्याच बायकांच्या दारात भर दिवसा.

पाटलांच्या धाकट्या सुनेनं चहा केला. चांगला चहा. कुठल्या पाण्याचा ते आम्हा दोघींनाही माहीत. सही म्हटल्यावर म्हणाली, "आमी तर गुरांसाठी नेताव, ताई."

म्हटलं, बरं, तसंच लिहू. गुरांच्या पाण्याची सोय जाते म्हणून हरकत.

"पर गुरं कुठंयत आता?" – तिनंच विचारलं मला!

वाण्याच्या घरी वाणी स्वतः बाहेर आला. "आमच्या घरचं पानी टँकरचं." मागे स्वयंपाकघरात त्याची बायको हंड्यावर झाकण सरकवत होती, जसं काही हंडाच बोलेल. गंगम्मांनी दारातच हात जोडले. "पोरगा अध्यक्ष हाय माझा. मला कामून अडकवतीस?" मला त्या बाईचा राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या खांद्यावर दोराचा वळ होता.

गावातून एकही सही नाही. चहा मात्र सहा ठिकाणी झाला. सगळा आमच्या विहिरीचा.

११ मार्च

व्यंकटी घरी आला. उंबऱ्याच्या आत येऊन बसला, हे विशेष. एरवी बाहेरच उभा राहतो. "ताई, तुमाला कळलंय व्हय?"

"माठाचं?"

मान खाली. टँकर नगरपालिकेच्या दारात थांबतच नाही, आणि सभेला माठ भरलेला नाही दिसला की शरणप्पा अंगावर येतात. म्हणून तो सायकलला दोन डबे अडकवून आमच्या विहिरीवर येतो. दोन महिने झाले. "आप्पासाहेबाला कळलं तर माजी नौकरी जाईल. चार लेकरं हायत. सभेत बोलू नका, ताई."

म्हणजे माझ्या हातातलं एकच हत्यार हा माणूस उंबऱ्याच्या आत बसून मागत होता. त्या सुनावणीत मी नुसतं बोट दाखवलं असतं ना माठाकडे! मजा आली असती. पाटलांनी घशात बोटं घातली असती.

नाही बोलणार म्हणून शब्द दिला. दिल्यावर चिडचिड झाली. रात्रीची भाकरी करपवली.

१२ मार्च

सभा. चौकाचं नाव काय ठेवावं. अकरा सूचना आल्या, त्यातल्या नऊ मेंबरांच्या वडिलांच्या. पुढे ढकललं. गुरांनी पाणी भरपूर प्यायलं.

२४ मार्च

शरणप्पांनी रस्त्यात गाठलं. लुनावरून उतरले, म्हणजे काम असणार. "सिंधुताई, हरकत मागं घ्या. शॉपिंग सेंटरमंदी एक गाळा तुमच्या शिवनक्लासला. पैला गाळा. चौकाच्या तोंडाला."

मी विचारलं, "आणि पाणी?"

"पानी काय, वरचा बघून घेईल. धरनाची इस्कीम येनारच हाय."

ही धरणाची स्कीम माझ्या लग्नाच्या आधीपासून येतेय. म्हटलं, साहेब, गाळ्यात बसून शिवणाऱ्या बायकांना तहान लागल्यावर काय कापड चावायला देऊ? ते हसले. मग हसणं पुसून म्हणाले, "बगा बुवा. मतदानात तुमी एकट्या पडसाल." खरं आहे. एकटीच पडणार आहे. विहीर बुजवायला दगड-मुरूम आणून टाकलेसुद्धा आमच्या आळीच्या तोंडाशी. आज क्लासमध्ये दोनदा सुई बोटात गेली. मला भीती वाटतेय, हे इथं तरी लिहिते. यंदा ती विहीर बुजली तर भीमनगरनं गाव सोडायचं, बाकी काही उरत नाही.

२९ मार्च

आईनं आज जाहीर केलं, "उद्या परवा गाळ काडायचा. इहीर बंद."

दरवर्षी जयंतीच्या आधी भीमनगर मिळून विहिरीचा गाळ काढतं. पोरं आत उतरतात, बाया टोपल्या ओढतात, दोन दिवस कुणालाच पाणी नाही. मग पाणी वर येऊन निवळलं की नवा दोर. पण ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हटलं, यंदा इतकं आधी? आणि सोमवारी तर माझी सुनावणी आहे, माणसं लागतील मला सभेबाहेर.

"मला काय कळतंय तारखेतलं," आई म्हणाली.

कॅलेंडर तिच्याच खाटेवर टांगलंय.

३० मार्च

पहाटे गंगम्मा आल्या, पाटलांच्या सुना आल्या. आई कठड्यावर पाय सोडून बसलेली. "गाळ काडायलोत. परवा या."

"दोन दिस?" गंगम्मांनी घागर खाली ठेवली. "दोन दिस कसं भागवावं, नागू?"

"गुरांना छावनीत पानी मिळतंय की."

 बायका रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन परत गेल्या. घागरी रिकाम्या असल्या की जास्त वाजतात.

३१ मार्च, सोमवार

सगळं जसं झालं तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

सभा दुपारी. पंखा बंद, वीज गेलेली. माझी हरकत वाचली. शरणप्पा म्हणाले, "विहिरीचा वापर भीमनगरपुरता हाय. गावाचा तिच्याशी संबंध न्हाई. प्रशस्त चौकासाठी ती बुजवनं जरूर हाय." आप्पासाहेब म्हणाले, "मुळात इहीर हाय का? खड्डा हाय. गावाच्या इहिरी सात." मेंबरं माना हलवत होती. मी माठाकडे बघितलं नाही. शब्द दिला होता.

ऊन काय म्हणत होतं! आप्पासाहेबांनी टोपीनं वारा घेतला. "व्यंकटी, पानी आन."

व्यंकटी जागचा हलेना. "पानी न्हाई, साहेब."

"न्हाई म्हंजे? माठ कामून भरला न्हाईस?"

"गाळ काडायलेत, साहेब."

"कशाचा गाळ?"

व्यंकटी खिडकीबाहेर बघायला लागला. आणि तेवढ्यात शरणप्पा – आमचे अध्यक्ष, गावाचा संबंध नाही म्हणणारे – कपाळावर हात मारून म्हणाले, "तरीच! आज घरीबी सकाळपासून घोटभर पानी –"

आणि थांबले.

असा थांबलेला माणूस मी आजवर बघितला नाही. तोंड उघडं, हात कपाळावर.  आप्पासाहेब शरणप्पांकडे बघायला लागले. मग वाणी, तोही मेंबरच, आप्पासाहेबांकडे. मग प्रत्येक जण दुसऱ्याकडे – तुमच्या घरीबी? तुमच्याबी? कुणी विचारलं नाही, पण सगळ्यांना उत्तर मिळालं. सगळ्यांच्या घरी आज पाणी नव्हतं. सगळ्यांच्या गुरांना!

मी उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण आठवेना. एवढंच म्हणाले, "ठराव मांडते. भीमनगरची विहीर बुजवू नये. गावाची आठवी विहीर म्हणून मोजावी, नकाशात दाखवावी."

अनुमोदन कुणाचं यावं? आप्पासाहेबांचं! घसा खाकरत म्हणाले, "शेवटी पान्याला काय जात असती व्हय." हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं, तेही तहान लागल्यावर. पण कळलं. एकमतानं मंजूर.

व्यंकटीचं नाव कुणी घेतलं नाही. घेणार कोण? त्याच्या माठाची चौकशी करायची तर प्रत्येकाला स्वतःच्या हंड्याची करावी लागली असती.

घरी आले. आई खाटेवर पडून होती. सांगितलं, आई, आता गावाच्या आठ! तिनं डोळे उघडले, म्हणाली, "आसं?" आणि कुशीवर वळली. मला वाटलं, दमलीय.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक विहिरीवरून निघाली. निवळ पाणी, नवा दोर, कठड्याला निळा रंग. सरबताचे पिंप भरले. शरणप्पा हार घेऊन आले, भाषण ठोकलं – "ही इहीर समद्या गावाची." टाळ्या मीही वाजवल्या. जोरात वाजवल्या. नकाशावर आता आमच्या जागी एक छोटा निळा गोल काढलाय. मी दोनदा जाऊन बघून आले, वेडी!

सरबत मात्र शरणप्पा प्याले नाहीत. घसा धरलाय म्हणाले.

२६ एप्रिल

विहिरीवर माणसं आलीत. मोजमाप घेतायत. विचारलं तर म्हणाले, कठड्याची दुरुस्ती.

२९ एप्रिल

कठड्याची दुरुस्ती नाही. मोटार! लोखंडी जाळीचा पिंजरा, वर पत्रा, दाराला कुलूप. आणि पिंजऱ्यातून निघालेला पाइप कुठं जातोय? चौकात. हत्तीकडे. व्यापारी संकुल जेव्हा व्हायचं तेव्हा होईल, सरकारची मंजुरी यायला वर्षं जातील. कारंजं मात्र थोडंसं सरकवून निम्मं बांधूनही झालंय. कंत्राटदार शरणप्पांचा मेव्हणा, त्यामुळे सिमेंटची टंचाई नाही. टंचाई फक्त पाण्याची होती, तीही आता मिटली!

नगरपालिकेत जाऊन भांडले. आवाज जिन्याखाली गेला असेल. शरणप्पांनी शांतपणे माझाच ठराव माझ्यासमोर ठेवला. "विहीर गावाची म्हनून कुनी मांडलं? सूचक सिंधुताई. गावाची विहीर म्हंजे नगरपालिकेची. नगरपालिकेची म्हंजे सभेची. सभेत ठरलंय – कारंज्याच्या हौदाला पानी राखीव. तुमी त्या दिवशी गैरहजर हुता." त्या दिवशी मी निलंग्याला होते, ह्यांना ताप होता. नोटीस आली नव्हती. नोटीस दारावर चिकटवली होती म्हणे. कुठल्या दारावर?

"आणि लोकांनी प्यायचं काय?"

"टँकर हाय की."

माझ्याच सहीनं! मीच म्हटलं मोजा. यांनी मोजली आणि खिशात घातली. रडू आलं, पण तिथं नाही रडले.

३० एप्रिल

आई पिंजऱ्यासमोर उभी होती. कुलूप हातात धरून उलटसुलट बघत होती, भाजीवाल्याकडचं वांगं बघतात तसं. म्हणाली, "गावाच्या सात हुत्या तवा आपली एक हुती. आता गावाच्या आठ झाल्या."

मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

७ मे

टँकर आठवड्यात एकदा आला. पोरं त्याच्या मागे स्टँडपर्यंत धावली. आमच्या आळीतल्या पंचफुला वहिनीचं डोकं घागर लागून फुटलं, तीन टाके. रोज मैलभर चालून ओढ्यातल्या झऱ्यावर जातो. वाटीवाटीनं भरायचं. तिथं गंगम्माही असतात. आता दोरीची गरज नाही, त्यामुळे माझी-तुझी करायचाही प्रश्न नाही. परवा त्यांना चक्कर आली. आईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला. दोघींपैकी कुणीच गुरांचा विषय काढला नाही.

१९ मे

उद्घाटन पंचवीसला. कलेक्टरसाहेब येणार. निमंत्रणपत्रिकेत माझंही नाव आहे – 'विशेष सहकार्य: सौ. सिंधुताई'. पत्रिका चुलीत घातली. लगेच पेटली.

२२ मे

कारंज्याची चाचणी झाली. बंद दाराआड – म्हणजे चौकाला कनात लावून! कनातीच्या आतून पाण्याचा आवाज येत होता. बाहेर अख्खा बाजार उभा राहून ऐकत होता.

२४ मे

आई अंगणात बसून चिंच लावून तांब्याची घागर घासतेय. आज्यानं विहीर खांदली त्या वर्षीची घागर, एरवी माळ्यावर असते. घासून घासून लखलखीत केली.

"कुठं निघालीस?"

"उद्घाटनाला. तू मेंबर हायस, मला नको व्हय यायला?"

"घागर कशाला मग?"

"रिकाम्या हातानं जाऊ न्हाई, शुभ कामाला."

२५ मे, रविवार

साहेबांनी बटण दाबलं. हत्तीच्या सोंडेतून पाणी उडालं. टाळ्या थांबायच्या आत आईनं घागर सोंडेखाली धरली होती! शरणप्पा ओरडले, "बटन बंद करा!" बटणापाशी व्यंकटी उभा होता. त्याला ऐकूच आलं नाही. मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पहिल्या रांगेतून गंगम्मा उठल्या, साहेबांच्या टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि जाऊन उभ्या राहिल्या आईच्या मागे. भर चौकात, कलेक्टरांसमोर, मुलासमोर. आईनं भरलेली घागर कमरेवर घेतली, वळून त्यांच्याकडे बघितलं.

"गुरांसाठी काय?"

"न्हाई, नागू," गंगम्मा मोठ्यानं म्हणाल्या. "प्यायला."